रिकाम्या गाडीचं वजन

दिवसभर जिनिंगच्या काट्यावर बसतो मी.
भरली गाडी मोजायची, मग रिकामी,
मधला फरक तो कापूस.
संध्याकाळी शाळेमागच्या मैदानात
पोरींच्या सॉफ्टबॉलची वही लिहितो.
तिथं रिकामी गाडी कोणी आणत नाही.

युरियाच्या पोत्यांत वाळू भरून केलेले बेस,
कडेला तुरीचं वावर,
चेंडू त्यात गेला की खेळ थांबतो,
दोघीतिघी वाकून शोधतात
आणि शेंगा खाऊनच परत येतात.

यवतमाळच्या निवडीसाठी एकच नाव पाठवायचं होतं.
तायडे सरांनी वही मांडीवर घेतली,
बोट ठेवलं करिष्मा आडेवर.
बत्तीस वेळा बॅट, तेरा हिट.
"चारशे सहा!" असं म्हणाले,
जणू घरचाच बैल पटात पहिला आला.

मी म्हटलं, सर, जास्वंदा कुमरे पाहा.
"एकतीसमंदी आठ. तिचं काय पाह्यचं?"
पुढचा रकाना पाहा.
चौदा वेळा चार वाईट चेंडू सोडून
चालत गेली पहिल्या बेसवर.
पंचेचाळीस वेळा आली, बावीस वेळा पोचली.
करिष्मा तेहतीसमध्ये चौदा.

"हे का खेळणं झालं? नुसतं उभं राहाले काय लागते?"

उभं राहायलाच लागतं, सर.
समोरून अंगावर येणारा चेंडू
आपला नाही हे ओळखून
हात आवरायला.

नागोराव काळीपिवळीच्या बोनेटवर बसून ऐकत होता,
पोरींना सामन्याला नेतो तो, डिझेलपुरते पैसे घेतो.
म्हणे, "तुमी दोघंबी येडे.
येताना गाडीत पोरी गाणे म्हणतात का चूप राह्यतात,
मले तेवढंच समजते."
हाही हिशेबच.
दारव्ह्याहून परतताना त्या गायल्या होत्या.
आम्ही हरलो होतो.

रात्री वही पुन्हा काढली.
जास्वंदासाठीच काढली, खोटं कशाला सांगू.
सरांना दाखवायला आणखी एखादा आकडा हवा होता.
सापडला तो भलताच.

नऊ जानेवारी, दिग्रसविरुद्ध.
करिष्माचा चेंडू सरळ शॉर्टस्टॉपच्या हातात,
तिथून सुटला, पोरगी पोचली.
ही चूक त्यांची. हिट नव्हे.
मी हिट लिहिलंय.
अक्षर वाकडं आहे, म्हणजे उठून ओरडत लिहिलं असणार.
आणखी एक, तेवीस तारखेचं,
तसंच वाकडं.

तेराचे अकरा झाले.
चारशे सहाचे तीनशे चव्वेचाळीस.
आणि जास्वंदाची पानं मी पुन्हा तपासली नाहीत.
का नाही, ते काट्यावरच्या माणसाला
विचारू नये.

सकाळी जिनिंगमध्ये पहिलं काम हेच असतं,
रिकामा काटा शून्यावर आणायचा.
प्लॅटफॉर्मवर रात्रीची सरकी पडलेली असते,
एखादं कुत्रं निजलेलं.
त्याला उठवून मग आकडा पाहायचा.
वही लिहिणाऱ्याला
कोण उठवून बाजूला करणार?

दुसऱ्या दिवशी सरांना सगळं सांगितलं,
दोन्ही वाकडी अक्षरं दाखवली.
ते बराच वेळ बोलले नाहीत.
मग म्हणाले, "दोन्ही वेळा म्याही वरडलो होतो."

नाव अजून पाठवलं नव्हतं.
कागद त्यांच्या खिशात, घडीवर घाम.
समोर जास्वंदा बॅट घेऊन उभी,
तीन चेंडू वाईट, दोन चांगले,
पोरी शेंगा चावायच्या थांबलेल्या.
सर न राहवून ओरडले,
"मार ना वं!"

चेंडू आला, बाहेरून, वीतभर बाहेरून.
तिचा खांदा हलला,
परत जागेवर आला.

मी पेन्सिल उचलली
आणि आधी खाली बसलो.