दाटेपर्यंत

शिडीवरून पडली मायलीस. शेवटचा आलुबुखार
पानाआड होता, तो सोडवेना म्हणून.
उजवं मनगट मोडलं.
आलुबुखार मात्र डाव्या मुठीत शाबूत.

आता ती खुर्चीत, गळ्यात झोळी,
आणि फिरमँ अंगणात, शेगडीपाशी.
तीस वर्षं बदकं पाळली त्यानं,
शिजवलं एकही नाही.

‘कातडीवर चिरा पाड, शंकरपाळ्यांसारख्या.
मांसाला सुरी लागू देऊ नकोस.’
लागते.
‘जाऊ दे.’

द्राक्षवेलीच्या काटक्यांचे निखारे झालेत.
चरबी ठिबकते, जाळ उसळतो,
त्याच्या भुवया होरपळतात;
कुत्रं अंगण सोडून दाराआड.

पातेल्यात आलुबुखार, मध, व्हिनेगर, दोन मिरी.
‘किती वेळ?’
‘दाटेपर्यंत.’
‘म्हणजे किती?’
ती सांगू बघते,
आणि प्लास्टरबाहेरची चार बोटं
हवेतच ढवळू लागतात, गोल गोल.
तेवढंच उत्तर.

हाताला चव असते म्हणतात.
तिची पांढऱ्या भिंतीआड बंद,
अजून पाच आठवडे.
भिंतीवर शेजारच्या पोरांच्या सह्या,
एक वेडंवाकडं बदकसुद्धा.

रस करपलाच जरा.
गोडाच्या मागून कडू हळूच डोकं काढतं.
डाव्या हातातला तिचा काटा दोनदा घसरतो,
तो न विचारता तुकडे करून देतो.

गॅस्कनीच्या उतारावर एकेक दिवा लागतोय.
‘मीठ?’
‘विसरलास,’ ती म्हणते,
आणि पावानं ताटली पुसत राहते,
काही उरलं नाही तरी.