पुठ्ठ्याची नळी

हेल्थ व्हिजिटर बाई सांगून गेल्या:
टॉयलेट रोलची रिकामी नळी घ्या,
जे जे तिच्यातून आरपार जाईल
ते ते बाळाच्या घशात अडकेल.

तेव्हापासून मी घर नळीतून बघतो.
बटण जातं. पेनाचं टोपण जातं.
ऋजुताचं मंगळसूत्र, गोळा करून सोडलं, तर तेही.
आणि हॅलिफॅक्समधल्या या तिसऱ्या मजल्यावर
पूर्वेच्या खिडकीत आमरी आहे,
तिच्या कुंडीतला सालीचा तुकडा न् तुकडा जातो.

आमरी होल्ड्सवर्थ आजोबांची.
चाळीस वर्षं गालिच्यांच्या गिरणीत काढली,
आता परसातल्या काचघरात दिवसभर खाकरत असतात.
मृण्मयी झाली त्या आठवड्यात गारा पडत होत्या,
कोटाच्या आत धरून आणली त्यांनी.
म्हणाले, आठवड्याला एकदा पाणी.
बाकी तिचं तिला राहू दे.

सासूबाई फोनवर: अहो, ते बांडगूळ.
तान्ह्या बाळाच्या खोलीत बांडगूळ ठेवतात का?
मी म्हटलं, बांडगूळ झाडाचा रस पितं.
ही नुसती धरून बसते.
"म्हणजे तुमच्यासारखीच," त्या म्हणाल्या.
मग बराच वेळ त्यांच्याकडचा पंखा ऐकू येत राहिला,
साताऱ्याचा.

एका रविवारी मांडी ठोकून बसलो.
कुंडीच्या तोंडावर ओढणीचं कापड ताणलं,
काठाखाली करकचून आवळलं.
खताची बाटली वरच्या कपाटात, कुलपात.
फवारा फेकूनच दिला;
पिठ्या ढेकूण दिसला तर ओल्या कापसाने, एकेक,
मृण्मयीच्या कानामागचं सुकलेलं दूध पुसतो तसा.
दांडीचे चिमटे, फुलपाखराच्या आकाराचे,
नळीतून गेले. काढले.
बांबूची काडी डोळ्यात जाईल. काढली.

आधार गेला तशी दांडी वाकत गेली,
सात फुलं घेऊन खाली आली.
मला वाटलं, मारली मी हिला.
आजोबा जिन्यात तीनदा थांबून वर आले,
बघून म्हणाले, रानात कोण देतं त्यांना काठ्या?
अशाच लोंबतात त्या.

दर रविवारी मोजपट्टी.
गजांतून बाहेर येणारा हात:
मार्चात अठरा सेंटिमीटर, मेमध्ये बावीस.
फळी मी दोनदा लांब सरकवली.
फूलही सरकतं,
ते मोजायचं राहिलं.

पहाटे चारला जाग आली
ती रडण्याने नाही, चघळण्याच्या आवाजाने.
दिवा लावला. मुठीत पाकळी.
ऋजुताने एकशे अकरा नंबर फिरवला.
पलीकडची बाई शांत;
मृण्मयी हे नाव तिने तीनदा घोळवून बघितलं.
श्वास? नीट. ओठ? गुलाबी.
फूल कुठलं? पांढरं, पतंगासारखं, मध्ये जांभळं.
फवारणी? नाही. खत? दोन महिन्यांत नाही.
मग घाबरू नका, म्हणाली, या फुलात विष नसतं.
दूध पाजा. लक्ष ठेवा.

ठेवलं. ती झोपली, आम्ही नाही.
गिरणीच्या चिमणीमागे उजाडलं
तेव्हा पाकळी काचेशी धरली:
लाळेने आरपार दिसणारी,
आणि कडेला तांदळाच्या कणीएवढी
कापल्याची खूण.
हिरडी असं कापत नाही.

साताऱ्याला फोन केला. तिथे दहा वाजलेले.
"वरचा की खालचा?" त्यांनी श्वासही घेतला नाही.
वरचा आधी आला तर मामाला जड,
आणि मामा म्हणजे त्यांचा एकुलता एक.
पाकळीवरून तेवढं काही कळेना.
ऋजुताने करंगळी धुतली, झोपेतल्या ओठांत अलगद सरकवली.
"खालचा."
पंख्याचा आवाज. मग नाक ओढल्याचा.

सगळे पुन्हा निजल्यावर
ती ओली पाकळी मी नळीत सोडून बघितली.
गेली नाही.
मध्येच पुठ्ठ्याला धरून बसली.