पतंगांची वही

भाद्रपदात पावसानं चार दिवस उघडीप दिली,
दुपारी चटका, रात्री दमट,
की सुपडूला आणि मला झोप नाही.
मोसंबीवर पिवळी झाक चढते,
वास बांध ओलांडून गिरणेच्या पुलापर्यंत जातो.

साडेसातला निघतो. एक बॅटरी, रॉकेलचा डबा,
आणि वही: पुढून खतांचा हिशेब, मागून पतंग.
उजेडात त्यांचे डोळे निखाऱ्यासारखे लागतात.
सुपडू म्हणतो, फांदीवर कुणी बिडी ओढतंय.
सोंड सालीत रुतली की तो उडत नाही.
चिमटीत धरायचा.
मागचे पंख हळदीचे, वर काजळाची कोयरी.
एवढं नटून चोरीला कोण जातं?

मंगळवार, उघडीप: एकवीस.
बुधवार, भुरभुर: चार.
गुरुवार, वारा: नाही.
शुक्रवार, उकाडा: त्रेसष्ट, पुढे रेघ,
कारण मोजणं सोडलं.
सकाळी फळावर सुईएवढं भोक,
तिसऱ्या दिवशी भोवती तपकिरी चट्टा,
पाचव्या दिवशी फळ खाली.
पाट्या भरभरून खड्ड्यात पुरतो,
नाहीतर त्या आंबूस वासानं आणखी येतात.

बाकीच्यांचं मला पाठ आहे.
आंबे बहाराची पालवी फुटली की सिला,
तिला निंबोळी अर्क, संध्याकाळी.
काळी माशी पानांवर कोळशी धरते.
चैत्राच्या झळांत लाल कोळी,
तो साध्या पाण्याच्या फवाऱ्यानंही ओसरतो.
ज्याचा त्याचा ऋतू, ज्याचा त्याचा इलाज.
पतंगाचा इलाज झाडावर नव्हताच.

भडगावच्या कृषी केंद्रातला पोरगा म्हणाला,
मावशी, हा खातो तुमच्याकडे,
वाढतो कुंपणावर. गुळवेलीवर.

आमच्या कुंपणावर मनगटाएवढी गुळवेल.
विळा घेऊन गेले तर तुळसामाय आधीच तिथे,
पदरात पानं, कमरेला खुरपं.
"तोडू नको वो माय, तापवर तीच शे."
मागच्या साली सुपडूचा ताप
तिच्याच काढ्यानं उतरला होता,
निदान त्याची आई तसं सांगते.
मी विळा खाली ठेवला नाही.
तोडलाही नाही लगेच.
एकोणीस वेल तोडले. विसावा,
विहिरीजवळच्या निंबावरचा, राहू दिला.

पतंग अजून येतात.
बांध माझा, कुंपणं गावभर.
परवा बारा होते, आभाळ मोकळं असून.

तुळसामाय रोज पहाटे येते,
एकेक पान उलटून पाहते.
अळी काळी, अंगावर खोटे डोळे काढलेली,
हात लावला की डोकं खाली घालून
रुसल्यासारखी बसते.
ती पानासकट खुडते, माझ्या ओसरीवर ठेवते:
"पाला मना, अळी तुनी."

वहीत एक रकाना वाढवलाय.
सोमवार, ढगाळ.
तुळसामाय: तीन.