एकतीस ग्रॅम

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात
अमरावती रोडवरच्या आमच्या प्रयोगशाळेत
गोणपाटात शिवलेलं पार्सल आलं.
आत सहा कापडी पिशव्या,
प्रत्येकीच्या गळ्यात चिठ्ठी,
चिठ्ठीवर तृप्ती हेडाऊचं पेन्सिलीचं बारीक अक्षर:
देवदाराचं रान. उतार पस्तीस टक्के.
खोली एक वीत, खाली चुनखडीचा कातळ.
सकाळी बर्फ होता.

शेवटचं वाक्य नोंदवहीच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.
पण पोरगी इतवारीची.
तिनं आजवर बर्फ पाहिला होता
तो गोळ्याच्या गाडीवर, रंधा मारलेला.

बाहेर सेहेचाळीस.
पिशवीची गाठ सोडली
तर आतून आधी मातीच आली नाही,
वास आला. ओल्या सालीचा, बुरशीचा,
कुजत पडलेल्या सुयांचा गार आंबट वास.
डेकाटे खर्रा घोटता घोटता थांबला.
म्हणाला, काहून ताई, फ्रीज उघडला का?

आपली काळी माती हात धरते.
पावसाळ्यात मनगटापर्यंत सोडत नाही,
उन्हाळ्यात फाटते, तर भेगेत अख्खा हात मावतो.
हिच्यात बोटं घातली
आणि नखांना कोपरे लागले.
दगडांच्या घरात माती भाड्यानं राहावी, तशी.

नियम असा, की नमुना सावलीत वाळवायचा.
एनॅमलच्या ताटात पसरली, तोलली, तारीख टाकली.
तिकडे जी ओल सुयांखाली
कुणाच्याही नजरेला न पडता महिनोन्‌महिने बसून होती,
ती आमच्याकडे एका दुपारीत उठून गेली.
दुसऱ्या दिवशी ताट एकतीस ग्रॅम हलकं.
म्हणजे काल नागपूरच्या हवेत
एकतीस ग्रॅम डोंगर जास्त होता
आणि माणसं सीताबर्डीवर
तोंडाला दुपट्टे बांधून निघून गेली.

मग आम्ल.
वरच्या थरावर थेंब सोडला. काही नाही.
सुयांच्या आंबटपणानं तिथला चुना
आधीच धुऊन नेला होता.
खालच्या थरावर थेंब सोडला,
कान जवळ नेला,
मागच्या बाकावरच्या पोरींसारखी कुजबुज.
आणि खड्यावर सोडला तर उसळला,
फेस, फेस, गोटीच्या सोड्यासारखा.
डेकाटे गालातली गोळी सरकवत म्हणाला,
चुना तं माह्यापाशी बी हाय,
टाका एक थेंब.

दोन मिलिमीटरची चाळणी.
खाली पडेल ती माती,
वर उरेल ते माती नव्हे, असं पुस्तक म्हणतं.
शंभरातले त्रेसष्ट वर उरले.
त्यातल्या एका खड्याला
दोऱ्याएवढं मूळ वेटोळं घालून बसलेलं.
सोडवायला गेले तर तुटायला लागलं.
मुळांचं वजन वेगळं, दगडांचं वेगळं.
हे कुठं लिहू?

संध्याकाळी तृप्तीला फोन लावला.
आवाज येत होता, जात होता.
ताई, इथं झाडं
दगडांनाच धरून उभी आहेत हो.
माती मधल्या मधे...
पुढचं वाऱ्यात गेलं.

चाळलेले दगड आम्ही
इमारतीमागच्या कडुनिंबाखाली टाकतो.
तीस वर्षांचा ढीग आहे तिथं,
कुठकुठले उतार एकमेकांवर पडलेले.
हा एक मात्र पर्समध्ये घातला.
घरच्या कुलरचा एक पाय आखूड आहे,
त्याखाली बरोबर बसला. मूळ बाहेरच्या अंगाला ठेवलं.

वरून आपलं गोरेवाड्याचं जड पाणी ठिबकतं.
दर जूनमध्ये कुलरच्या जाळीवरचा पांढरा थर
मी लिंबानं घासून काढते,
तोही थोडा फसफसतो,
इतकी वर्षं मला ते घाण वाटत आलं.

रात्री तीनला वीज गेली.
कुलर थांबला, मच्छर आले.
अंधारात हात खाली सोडून चाचपलं.
दगड गार होता.
फरशीही गारच होती, खरं म्हणजे.