नन्नाचा पाढा

फेब्रुवारी कोरडा गेला की ओपोटिकीच्या ओढ्याकाठी
तुतूची झुडपं तेवढी हिरवी उरतात.
इवले किडे त्यांच्या देठांना तोंड लावतात,
पोटात न मावलेला गोडवा पानांवर टाकतात.
मधमाश्यांना काय, गोड ते गोड.
आमचे लोक पूर्वी तुतूच्या फळांचा रस काढत,
पण गाळून, एकही बी आत येऊ न देता.
माश्यांकडे गाळणी नसते.

रावीरीनं पोळ्याचा तुकडा पावावर दाबला,
बोट चाटलं, म्हणाला, या खेपेचा गडद आहे.
चव मधाचीच होती. शपथेवर सांगते,
सुरीचं पातं मीही चाटलं होतं.

दुपारी त्याला अंगण तिरकं दिसू लागलं.
मग उलट्या.
मग माझ्या हातून चमचा पडला
आणि तेवढ्या आवाजानं
त्याचं अख्खं अंग वाऱ्यातल्या दारासारखं आपटलं.

डॉक्टरीण तरुण होती. तिनं पाकिटाच्या मागे
पेशीवरची एक बारीक झडप काढून दाखवली.
रेणू येतो, झडप उघडते,
मिठातलं क्लोराईड आत शिरतं
आणि पेशी म्हणते, नको, आत्ता नको.
तुतूचं विष ती झडप उघडूच देत नाही.

म्हणजे, मी विचारलं, मेंदू दिवसभर
नन्नाचा पाढा वाचत बसतो?
ती हसली नाही. म्हणाली, त्या पाढ्यावरच आपण चालतो.
एक बोट वाकतं तेव्हा
शेजारचे किती स्नायू कुणीतरी गप्प बसवलेले असतात.

पेट्या ओढ्याकडे नकोत, मी म्हटलं होतं.
भरतीच्या तोंडाशी होडी नको. तिसरं कर्ज नको.
तुझ्या तोंडात दुसरा शब्द आहे का, हिनेवाई,
असं तो चारचौघांत विचारायचा आणि सगळे हसायचे.
मीसुद्धा.

तो गुरुवार त्याला आठवत नाही.
पाव आठवतो, त्यापुढे ॲम्ब्युलन्सचं छत.

रविवारी सेमीसी कावाचं लाकडी भांडं घेऊन आला.
टोंगाहून भावानं पाठवलेलं मूळ, ओठ बधिर करणारं.
म्हणाला, यानं नसा निवतील.
निवतीलही. हे मूळ म्हणे त्याच जातीच्या झडपांना
उलटा हात लावतं, उघडायला मदत करतं;
नेमकं कसं, ते डॉक्टरणीलाही पुरतं ठाऊक नाही.
मी म्हटलं, नको, गोळ्या चालू आहेत.
रावीरीनं माझ्याकडे पाहिलं. बोलला नाही.
सेमीसी पायरीवर बसून एकटाच प्यायला.

शेडमध्ये अडतीस बरण्या आहेत,
तपासणीचा अहवाल यायचाय.
मधाचं बोट लावणं म्हणजे काय, ते आता कुणी मला शिकवू नये.

रात्री झोपेत त्याचा डावा पाय झटके देतो.
मी तळवा ठेवते.
नको, म्हणते, आत्ता नको.
पाय ऐकतो.
कधी ऐकत नाही.