सतरा किल्ल्या

बाजारात माझं केस कापायचं दुकान तेवढं उघडं राहिलं,
म्हणून जाणारा प्रत्येकजण किल्ली माझ्याकडे ठेवून गेला.
"आठवडाभरासाठी ओसाकाला, मुलाकडे," म्हणाले
घड्याळवाले मिझोगुची.
त्याला नऊ वर्षं झाली.
आरशाशेजारच्या खिळ्याला आता सतरा किल्ल्या आहेत.
ओसाड गावची पाटीलकी म्हणतात ती हीच.

बाजाराला छप्पर आहे, पाऊससुद्धा आत येत नाही.
चपलांच्या दुकानाच्या शटरवर अजून चिकटलेला कागद:
"सेल! उद्या शेवटचा दिवस."
कुठला उद्या, ते लिहायचं राहून गेलं.

पहिली किल्ली मागितली चिसातोनं, आठवीतली मुलगी.
तिला ट्रम्पेट वाजवायचं होतं;
घराच्या भिंती पातळ, खाली आजारी आजोबा.
मी तिला गादीवाल्याचं दुकान दिलं.
न विकल्या गेलेल्या गाद्या भिंतींना टेकवून
तिनं अख्खा हिवाळा एकच चुकीचा सूर घोटला.
गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा असताना
तो सूर आला की मी हात थांबवायची.
मार्चमध्ये एका दुपारी
हात थांबला नाही,
आणि ते माझ्या ध्यानात आलं
गिऱ्हाईक पैसे देऊन गेल्यावर.

मासळीवाल्याचा गाळा तर पाडूनच टाकलेला.
उरली निळ्या फरशीची जमीन,
पाणी वाहून जावं म्हणून उतरती,
आणि वास. वास पाडता येत नाही.
हात्सुएनं मासळीच्या थर्माकोलच्या खोक्यांत
माती भरली, मुळे लावले.
पालिकेचा पोरगा फॉर्म घेऊन आला.
"जागेच्या वापराचा हेतू?"
"मुळे," हात्सुए म्हणाली.
त्यानं लिहिलं: परिसर पुनरुज्जीवन.
जाताना दोन पुनरुज्जीवनं
पिशवीत घालून घेऊन गेला.

सगळंच जमलं असं नाही.
टोफूवाल्याच्या जागेत शहरातल्या दोघांनी
चहाचं दुकान काढलं, सहा आठवडे चाललं;
मग भांडून वेगवेगळ्या गाड्यांनी गेली.
भिंतीवर रंगवायला घेतलेला देवमासा
शेपटीवाचून राहिला.
मुलं म्हणतात, शेपटी आहे की,
भिंतीपलीकडे. ती पाण्यात आहे.

फोटो स्टुडिओची किल्ली मीच वापरली.
खणात पाकिटं सापडली, पैसे चुकते केलेली,
कुणी न नेलेली:
किमोनोत अवघडलेल्या सात वर्षांच्या मुली,
नोकरीच्या अर्जासाठीचे चेहरे,
लग्न ठरवायला काढलेले फोटो,
त्यातली कितीक न ठरलेली.
कपड्यांच्या चिमट्यांनी सगळे काचेत टांगले,
रात्री आतला दिवा चालू ठेवला.
लोक येऊ लागले. काचेवर नाकांचे डाग.

फेरीबोटीवरून निवृत्त झालेले कुरोइवा
स्वतःसमोर उभे राहिले बराच वेळ.
चोवीस वर्षांचे, टाय तिरका.
पाकीट मागून घेतलं, कोटाच्या आत घातलं, गेले.
दुसऱ्या दिवशी परत घेऊन आले.
"घरी कोण बघणार?
इथं निदान येणारी-जाणारी बघतात."
चिमटा स्वतःच लावला,
आणि टाय सरळ करावा
तसा फोटो सरळ केला.

परवा ओसाकाहून पत्र आलं.
बाबा गेले. दुकान विकलंय, पाडणार आहेत,
कृपया किल्ली पाठवावी.

मिझोगुचींचं शटर मी एकटीनं उचललं.
नऊ वर्षांचा गंज ओरडला,
हात्सुए मुळा हातात घेऊनच धावत आली.
आत भिंतभर घड्याळं, प्रत्येकाची वेळ निराळी.
आम्ही जमतील तितकी किल्ली देऊन चालू केली.
चिसातो म्हणाली, यांना एका तालात आणायला नको.
कुरोइवांनी बाहेरून खुर्च्या ओढल्या.

किल्ली आज सकाळी पोस्टात टाकली,
रजिस्टर करून, पावती घेऊन.
कुलूप लावून पाठवा,
असं पत्रात कुठं लिहिलेलं नव्हतं.