पाऊण लिटर

दिवसाला पाऊण लिटर.
त्यात सूप आलं, गोळ्यांचं पाणी आलं,
कलिंगडाची फोड आली,
चूळ भरताना घशाखाली निसटलेला घोटसुद्धा आला.
आणि डोळ्यांतलं? मी विचारलं.
ते बाहेर जातं, सेन्योरा, डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
त्याचा हिशेब नसतो.
त्यांच्या पोटातलं पाणी हललं नाही.
माझ्या पोटात तेव्हा तीन किलो होतं.

मंगळवार, गुरुवार, शनिवार. खुर्ची चौथी.
खिडकीतून मॅगेलनची सामुद्रधुनी दिसते,
पुंता अरेनासच्या धक्क्याला टेकलेली जहाजं दिसतात.
एवढं पाणी कुणी मांडून ठेवलंय,
आणि मला जिभेवर बर्फाचा एक खडा,
मनातल्या मनात साठपर्यंत मोजायचं, चावायचं नाही.
एकोणीस वर्षं खेकड्यांच्या कारखान्यात
मी कोपरापर्यंत बर्फात होते.
तेव्हा वाटायचं, कधी सुटेन यातून.

मानसतज्ज्ञ मुलगी सांतियागोहून येते, महिन्यातून एकदा;
वाऱ्यानं विमान उतरलं नाही तर तेवढंही नाही.
गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा उदास वाटलं?
कधीच नाही, काही दिवस, बरेच दिवस, रोज.
कुठल्या वेळचं सांगू, बाई?
सुई टोचतानाचं, की घरी गेल्यावर
जिन्याच्या मधल्या पायरीवर बसते तेव्हाचं?
की रात्री फोन वाजला,
मूत्रपिंड मिळालं म्हणून मी अनवाणी धावले,
आणि कुणीतरी एर्नेस्तो आहे का विचारत होतं, तेव्हाचं?
तिच्या कागदावर एवढे चौकोन नव्हते.
पण तिनं पेन खाली ठेवलं, हे मला आवडलं.

पाचव्या खुर्चीत म्हातारा एलेउतेरियो,
जन्मभर मेंढ्या कातरलेला.
म्हणायचा, मेंढी हलली की कातडी कापली जाते.
पडून राहा, झदेन्का.
मी पडून राहायचे.
मनाचे चार पाय कोण धरणार?
एका गुरुवारी त्या खुर्चीवर नवं, करकरीत आवरण होतं.
कुणी काही विचारलं नाही.
यास्नानं रेडिओ जरा मोठा केला
आणि आम्ही सगळे एकदम हवामानावर बोलू लागलो.

त्या रात्री मी मुलीवर ओरडले, एका चमच्यावरून.
मग दिवा न लावता नळाखाली तोंड धरलं.
किती प्याले, माहीत नाही.
शनिवारी वजनकाट्यानं चुगली केली.
यास्ना रागावली नाही.
त्याची जास्त लाज वाटली.

रविवारी बहिणी यायच्या, येर्बा मातेचा भोपळा फिरायचा,
एकच नळी, सगळ्यांची तोंडं.
दोन वर्षं मी त्यावर पाणी सोडलं होतं;
भोपळा कपाटात, बहिणी आपापल्या घरी.
गेल्या महिन्यात काढला.
आता मी ओतते.
पहिला, सगळ्यात कडू, ओतणारीचा असतो;
तो कुंडीला.
द्रागित्साला कडकडीत लागतो, नेल्दाला साखर,
धाकटी गप्पांच्या नादात गार करून टाकते.
भोपळा हातातून जाताना तळवे शेकतात.
तहान? आहे की. तिथेच बसलेली असते,
पाचव्या बहिणीसारखी.
तिला देत नाही, एवढंच.

पाचव्या खुर्चीत आता नाहुएल आहे, चोवीस वर्षांचा.
मंगळवारी त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.
सवय व्हायला किती दिवस लागतात? त्यानं विचारलं.
मला येईना सांगता.
वादळात कोपऱ्यावर दोर बांधतात, मी म्हटलं, पाहिलास ना?
त्यानं वारा थांबत नाही.
मग त्याला एक खडा दिला, माझ्या हिश्शातला.
चावू नकोस. साठपर्यंत मोज.

एकविसाव्याला कडकन आवाज आला.